जाम झालेला ड्रम : मोटारीच्या मागच्या चाकाचा दुर्लक्षित इतिहास

१/
जुनी मोटार जॅकवर उचललेली आहे. मागचे चाक निघाले, मधला मोठा नट सुटला, तरी ब्रेकचा ड्रम जागचा हलत नाही. तेल सोडले जाते, हातोडीचे घाव बसतात, पुन्हा तेल, पुन्हा घाव. डेट्रॉइटचा फिटर असो वा कुर्ल्याचा मिस्त्री, शंभर वर्षे हा प्रसंग जवळपास असाच घडत आला आहे. ड्रमच्या या हट्टाला एक इतिहास आहे. आणि ड्रम अखेर निघतो तेव्हा त्याच्या आत जे सापडते, त्याचा इतिहास त्याहून गंभीर आहे.

२/
आधी मूळ अडचण समजून घेऊ. बैलगाडीचा आस फिरत नाही. त्याच्याभोवती चाक फिरते. टोकाची खीळ काढली की तुंब्यासकट चाक बाहेर येते, वंगण घालून पुन्हा चढवता येते. मोटारीच्या मागच्या चाकाचे तसे नाही. तेथे इंजिनाची शक्ती अक्षदंडातून, म्हणजे ॲक्सलमधून, चाकाला मिळते. चाक दंडावर सैल असून चालत नाही. दंड फिरला की त्यानेही फिरलेच पाहिजे. म्हणून दोघांची गाठ पक्की हवी. ती किती पक्की असावी, आणि सोडवायची वेळ आली तर कशी सोडवावी, हे दोन वेगळे प्रश्न होते. प्रारंभीच्या अभियंत्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम दिले. दुसरा बराचसा गॅरेजवर सोपवला.

३/
पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रशाळेत तयारच होते. १८६० च्या दशकात अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी ड्रिल यंत्रात पकडून ठेवण्यासाठी निमुळती दांडी प्रचारात आणली. निमुळता दंड तेवढ्याच निमुळत्या भोकात दाबून बसवला, आणि त्याचा उतार पुरेसा कमी असला, तर केवळ घर्षणाने दोन्ही भाग एकमेकांना धरून ठेवतात. दाब काढून घेतला तरी पकड राहते. ‘मोर्स टेपर’ हे नाव आजही प्रत्येक लेथवाल्याच्या तोंडी आहे.

४/
हीच युक्ती मोटारीच्या मागच्या अक्षदंडावर आली. दंडाचे टोक निमुळते, चाकाच्या हबचे भोकही निमुळते. दोघांत कोरलेल्या खाचेत पोलादी चावी, बाहेरून नट आणि नट फिरू नये म्हणून आरपार कॉटर पिन. चावीवर सारा भार असतो असा अनेकांचा समज असतो, पण खरे काम निमुळत्या पृष्ठभागांतील घर्षण करते. नट सैल पडला की घर्षण संपते, सारा जोर चावीवर येतो, ती तुटते, खाच फाटते आणि दंड हबमध्ये नुसताच फिरू लागतो.

५/
या रचनेला घरोघरी नेले ते फोर्डच्या मॉडेल टीने. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक मॉडेल टी बनल्या. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरपेटीतील पट्ट्यावर काम करी. मागच्या चाकांतील छोटे ड्रम हातब्रेकसाठी होते. चाक, हब आणि ड्रम हे सारे एकत्र त्या निमुळत्या टोकावर चढवलेले. म्हणजे ब्रेकचा शू बदलायचा, तर घर्षणाने घट्ट धरलेली ती गाठ सोडवणे भाग होते.

६/
मॉडेल टी विकत घेणारे बहुतेक जण शेतकरी किंवा छोट्या गावांतील लोक. त्यांच्या हाताशी हातोडी होती. दंडाच्या टोकावर घाव घालावा, हे त्यांना स्वाभाविक वाटे. पण त्या घावाने टोकाचे आटे चेपतात, नट पुन्हा चढत नाही, आणि धक्का दंडातून थेट आतल्या बेअरिंगपर्यंत आणि डिफरन्शियलपर्यंत पोचतो. एका चाकाच्या दुरुस्तीतून साऱ्या ॲक्सलची दुरुस्ती उभी राही.

७/
यावरचे उत्तर म्हणजे पुलर. मॉडेल टीच्या हबवर बाहेरून आटे होते. एरवी तेथे शोभेची टोपी बसे. टोपी काढून त्या आट्यांवर पुलर चढवायचा आणि त्याचा मधला स्क्रू दंडाच्या टोकावर दाबत जायचे. दंड आत ढकलला जातो, हब बाहेर ओढला जातो, आणि दोन्ही बले एकाच रेषेत राहतात. बफेलो शहरातील के. आर. विल्सन यांच्या कारखान्याने फोर्डच्या दुरुस्तीसाठी अशी खास अवजारे बनवण्याचा मोठा व्यवसायच उभा केला. मोटारींच्या उद्योगाशेजारी ती उघडण्याच्या अवजारांचा उद्योग वाढू लागला.

८/
पुलर लावण्याचीही रीत ठरत गेली. नट पूर्ण काढायचा नाही. दोन-चार आटे सैल करून तसाच ठेवायचा. कारण निमुळती गाठ हळूहळू सुटत नाही. ताण साठत जातो, साठत जातो, आणि एका क्षणी बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन जड ड्रम उसळतो. नट जागेवर असेल तर तो तेथेच अडतो. नसेल तर समोर बसलेल्याच्या अंगावर येतो. स्क्रू ताणून ठेवायचा, त्याच्या डोक्यावर एकच नेमका ठोका द्यायचा, सुटले नाही तर थांबायचे. कित्येकदा रात्रभर तसाच ताण देऊन ठेवलेला ड्रम सकाळी सुटलेला आढळे. जोरापेक्षा धीर उपयोगी पडतो, हे या कामातले जुने ज्ञान आहे.

९/
मोटार परवडणारी झाली त्याच सुमारास ती मुंबईतही जुळवली जाऊ लागली. फोर्डने १९२६ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून बंदरात उतरत आणि येथे जोडले जात. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. महिंद्रांनी विलीज जीप जुळवण्यास आरंभ केला तोही याच शहरात. गाड्या आल्या, त्यांच्यासोबत त्या उघडण्याचे प्रश्नही आले.

१०/
मुंबईत या प्रश्नात आणखी एक भर पडली : हवा. लोखंड गंजते तेव्हा त्याचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. उघड्या पत्र्यावर तो पापुद्रा होऊन गळून पडतो. पण हब आणि ड्रम यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत त्याला बाहेर पडायला वाव नसतो. तो दोन्ही भागांना पाचरीसारखा आवळतो. समुद्राच्या हवेतले क्षार आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी हे काम वेगाने होते. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ हेच करते.

११/
येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ड्रम जाम होण्याची कारणे एकाहून अधिक असतात आणि प्रत्येकावरचा इलाज निराळा असतो. निमुळत्या गाठीला पुलर हवा. गंजाला तेल, वेळ आणि हलके ठोके हवेत. तिसरे कारण मात्र बाहेरून दिसतच नाही, आणि तेथे हातोडी चालवली तर नुकसानच होते. ते कारण ड्रमच्या आत, वर्षानुवर्षांच्या झिजेतून तयार होते.

१२/
ड्रम ब्रेकचे श्रेय सर्वसाधारणपणे फ्रान्सच्या लुई रेनो यांना, १९०२ च्या रचनेसाठी, दिले जाते. गोल डब्यासारखा ड्रम चाकासोबत फिरतो. आत दोन अर्धगोल शू असतात. ब्रेक दाबला की ते फाकून ड्रमच्या भिंतीला घासतात. भिंत जेथे घासते तेथे झिजते, पण कडेची अरुंद पट्टी शूच्या पोचेबाहेर राहते. काही वर्षांत तेथे ओठासारखी कड उभी राहते. ड्रम ओढला की शू त्या कडेच्या आत अडकतात. बाहेरून सारे मोकळे, तरी ड्रम येत नाही.

१३/
यावर इलाज असा की शू आधी आत घ्यायचे. ड्रमच्या मागच्या पत्र्यात एक लहानशी खिडकी असते, बहुधा रबरी बुचाने झाकलेली. तीतून स्क्रूड्रायव्हर घालून आतले दातेरी चक्र उलट फिरवले की शू जवळ येतात. झीज होईल तसतसे हे चक्र फिरवून ब्रेक घट्ट करणे, हे पूर्वी ठराविक काळाने करावे लागणारे काम होते. १९६० च्या आसपास अमेरिकी मोटारींत ते आपोआप होऊ लागले. चालकाची कटकट गेली. पण चक्र उलट फिरू न देणारा एक खटका आत आला. आता ड्रम काढणाऱ्याने एका हाताने तो खटका बाजूला धरायचा आणि दुसऱ्याने, न पाहता, चक्र फिरवायचे. मालकाच्या सोयीची किंमत मिस्त्रीच्या बोटांनी मोजली.

१४/
मोटार जगात निमुळती गाठ दीर्घकाळ टिकली. फोर्डच्या मोटारींत ती १९४८ पर्यंत राहिली, क्रायस्लरच्या मोटारींत १९६४ पर्यंत. कारण आर्थिक होते. साधा दंड आणि वेगळा हब बनवणे सोपे पडे; दंडाच्या टोकालाच चकती घडवायची तर मोठे फोर्जिंग आणि नवी यंत्रसामग्री लागे. कारखान्याची बचत मोटार विकली त्याच दिवशी हिशेबात दिसते. गॅरेजातला वाया गेलेला दिवस कारखान्याच्या वहीत कधीच येत नाही.

१५/
काहींनी निराळा मार्ग धरला. फोक्सवागन बीटलमध्ये मागचा ड्रम निमुळत्या टोकाऐवजी दातेरी टोकावर बसे आणि ३६ मिलिमीटरच्या नटाने आवळला जाई. त्याचा आवळ सुमारे ३०० न्यूटन-मीटर, म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकावर तीस किलोचे वजन टांगल्याइतका. तो नट सोडवण्यासाठी पान्याला लांब नळी लावून वर उभे राहणारे लोक जगभर होते. कारण दोन कोटी पंधरा लाख बीटल बनल्या, आणि शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत.

१६/
अखेर जी रचना सर्वत्र रूढ झाली तिच्यात दंडाच्या टोकालाच चकती असते. ड्रम तिच्यावर नुसता ठेवलेला असतो, चाकाच्या नटांनीच आवळला जातो. पुष्कळ ड्रमवर आटे पाडलेली दोन रिकामी भोके दिसतात. नव्या माणसाला ती निरुपयोगी वाटतात. त्यांत दोन बोल्ट आलटून पालटून थोडेथोडे पिळले की ते मागच्या चकतीवर टेकतात आणि ड्रम सरळ बाहेर सरकतो. दोन भोकांचा खर्च नगण्य. पण ती पाडताना ड्रम कधीतरी कुणीतरी काढणार आहे, हे रचनाकाराच्या ध्यानी होते.

१७/
गंज सोडवणाऱ्या तेलांचाही एक इतिहास आहे. आज गॅरेजोगॅरेजी दिसणारे डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तयार झाले; चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमले म्हणून नावात चाळीस. मूळ हेतू नट सोडवण्याचा नव्हता. ॲटलास क्षेपणास्त्राच्या पातळ पोलादी कवचावरून पाणी हटवून गंज रोखण्याचा होता. गंज येऊ न देणारे द्रव्य आलेला गंज सोडवण्यासाठी लोक वापरू लागले. ड्रमवर ते वापरताना एक पथ्य कायम आहे : शूच्या लायनरवर थेंबही पडता कामा नये, नाहीतर ब्रेकची पकड जाते.

१८/
आता ड्रम निघाला आहे. आत काळसर करड्या भुकटीचा थर आहे. शंभरातले नव्वद मिस्त्री येथे एकच गोष्ट करीत : कॉम्प्रेसरची नळी धरून हवेचा झोत मारीत, किंवा ड्रम जमिनीवर आपटीत. भुकटी उडे, खाली बसे, काम पुढे चाले. येथपर्यंतचा इतिहास वेळेचा आणि श्रमाचा होता. येथून पुढचा फुप्फुसांचा आहे.

१९/
१८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकच्या अस्तराचा उद्योग सुरू केला. उतारावर घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात, हे त्यांनी पाहिले होते. त्यांची पहिली अस्तरे राळेत भिजवलेल्या विणलेल्या पट्ट्यांची होती. मोटारींचा वेग वाढला तशी ती करपू लागली. १९०८ मध्ये त्यांनी ॲस्बेस्टॉसचा तंतू वापरला. तो जळत नाही, विणता येतो, घासला तरी पकड सोडत नाही. फ्रूड या आडनावावरून बनलेले ‘फेरोडो’ हे नाव जगभर पोचले आणि ब्रेक म्हटले की ॲस्बेस्टॉस हे समीकरण पुढची सत्तर-ऐंशी वर्षे टिकले.

२०/
त्याच इंग्लंडमध्ये, रॉचडेल गावी, नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी कामगार स्त्री १९२४ मध्ये वारली. वय अवघे ३३. तिच्या फुप्फुसांत डॉ. विल्यम कुक यांना ॲस्बेस्टॉसचे कण आढळले आणि त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदवले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांच्या अहवालाने कारखान्यांतील धूळ आणि आजार यांचा संबंध स्पष्ट केला. १९३१ मध्ये ब्रिटनने ॲस्बेस्टॉस उद्योगासाठी नियम केले.

२१/
हे नियम तंतू कातणाऱ्या, विणणाऱ्या, अस्तर बनवणाऱ्या कारखान्यांसाठी होते. तेच अस्तर झिजून भुकटी झाल्यावर ते ज्याच्या नाकासमोर उघडले जाई, तो गॅरेजातला माणूस त्यांच्या कक्षेबाहेर होता. वस्तू बनवणारा हात कायद्याला दिसला. ती उघडणारा दिसला नाही. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा हा कर्करोग यांचा संबंध दाखवला. त्यांच्या रुग्णांत खाणीत कधीच काम न केलेले, केवळ परिसरात राहिलेले लोकही होते. थोड्या संपर्काचाही विचार करावा लागेल, हे त्यातून पुढे आले.

२२/
येथे न्याय्य बोलणे आवश्यक आहे. ब्रेकच्या उष्णतेने ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा मोठा भाग फॉर्स्टेराइट नावाच्या दुसऱ्या खनिजात बदलतो. मोटार मिस्त्रींमध्ये मेसोथेलिओमाचे प्रमाण वाढलेले आहे काय, याविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अमेरिकी न्यायालयांत यावर दशकानुदशके वाद झाले. मात्र सारे तंतू बदलत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. झोताने भुकटी उडवणे आणि नवे अस्तर कानशीने घासून बसवणे या दोन कामांत हवेतले तंतू वाढतात, याविषयी दुमत नाही. लहान मोजमापाचा धोका जेव्हा लक्षावधी माणसे रोज पत्करतात, तेव्हा तो लहान राहत नाही.

२३/
गॅरेजकडे लक्ष जायला बराच काळ लागला. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ब्रेक दुरुस्ती करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. १९९४ च्या कामगार-सुरक्षा नियमांनी बंदिस्त कक्षातून भुकटी शोषून घेण्याची किंवा ती ओली करून धुण्याची पद्धत बंधनकारक केली. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. अमेरिकेत दुरुस्तीसाठी विकल्या जाणाऱ्या ब्रेक अस्तरांतील ॲस्बेस्टॉस थांबवणारा अंतिम नियम मार्च २०२४ मध्ये आला. फ्रूड यांच्या प्रयोगानंतर ११६ वर्षांनी.

२४/
भारतात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आजार दिसायला दशके लागतात म्हणून कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेशही दिला. निकालाच्या केंद्रस्थानी खाणी आणि कारखाने होते. रस्त्याकडेच्या गॅरेजात ना हजेरीपट असतो ना आरोग्याची नोंद. तेथे काम शिकणारा पोरगा कुठल्याच वहीत नसतो. आणि ड्रम झाडून पुसण्याचे काम बहुधा त्याच्याकडेच असते.

२५/
मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन धावली. तिचे ड्रम किती हजार वेळा उघडले गेले असतील याची गणती नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली; टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तिच्यावर लेख आले, छायाचित्रे आली, हळहळ व्यक्त झाली. तिचे ड्रम उघडणाऱ्यांची आठवण फारशी कुणी काढली नाही.

२६/
जुन्या गाड्या हौसेने जपणारे आजही आहेत आणि त्यांच्या ड्रममध्ये कोणते अस्तर आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून जाणते लोक ते ॲस्बेस्टॉसच आहे असे धरून चालतात. झोत मारायचा नाही, कोरड्या कुंचल्याने झाडायचे नाही. पाण्याचा बारीक फवारा मारून ओल्या फडक्याने पुसायचे, फडके पिशवीत बांधून टाकायचे, नाकातोंडावर योग्य मास्क लावायचा. या साऱ्याला पाच मिनिटे अधिक लागतात.

२७/
डिस्क ब्रेकने ड्रमची जागा घेतली असे वाटत असतानाच तो परत आला आहे. विजेच्या मोटारी वेग कमी करताना मोटरच जनित्रासारखी वापरतात, त्यामुळे मागच्या ब्रेकला काम थोडे; वापराविना डिस्क गंजते, बंदिस्त ड्रम टिकतो. फोक्सवागनने आयडी.३ आणि आयडी.४ या मोटारींना मागे ड्रमच दिले. युरोपच्या युरो ७ नियमांनी तर प्रथमच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा घातली. भुकटी आत कोंडून ठेवणे, हा एके काळचा ड्रमचा दोष, आता त्याचा गुण ठरू लागला आहे.

२८/
रस्त्यावरच्या माणसासाठी तो गुणच आहे. पण कोंडलेली भुकटी नाहीशी होत नाही. ती ड्रम उघडणाऱ्याची वाट पाहत आत राहते. आज तीत ॲस्बेस्टॉस नसेल, पण धातूचे आणि राळेचे सूक्ष्म कण असतीलच. निमुळत्या गाठीपासून युरो ७ पर्यंत यंत्र कसे धरून ठेवावे याचा विचार सतत झाला. ते उघडणाऱ्याचा विचार प्रत्येक वेळी नंतर झाला, आणि कधी कधी फार नंतर. पुढच्या वेळी जाम ड्रमवर हातोडी उचलली जाईल तेव्हा हे ध्यानी असावे की त्या लोखंडात केवळ गंज नाही. कुणाच्या तरी कष्टांचा विचार न करता घेतलेले जुने निर्णयही आहेत.

(समाप्त)